साठ तणमोर

चहा घ्या आधी, मग सांगतो. हातात गरम कप असला की माणूस जरा बेतानं हसतो, तेवढाच मला आधार. कारण मी जे करून बसलो ना, ते ऐकल्यावर आमच्या मंडळींनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी बोलल्या, तेव्हा मला वाटलं, यापेक्षा अबोला बरा होता.

मी मेहकर तालुक्यातल्या एका लहानशा गावचा. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आता गावातला निवृत्त मुख्याध्यापक म्हणजे काय चीज असते, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? शाळा सुटते, पण शिकवणं सुटत नाही. समोर विद्यार्थी नसले तर तो गावाला वर्गात बसवतो.

एक दिवस सरपंच रमेश घरी आला. माझाच विद्यार्थी, गणितात कच्चा, पण बाकी हुशार.

"सर, गावाची जैवविविधता नोंदवही कराची हाय," तो म्हणाला. "आपल्या शिवारात कोनती झाडं, कोनती जनावरं, कोनती पाखरं, कोनाची काय हालत, सारं लिहून बुलढान्याले पाठवाचं. तुमच्याबिगर कोन करन?"

"तुमच्याबिगर कोण करेल" हे वाक्य ऐकलं की माझा विवेक चप्पल घालून बाहेर निघून जातो. मी लगेच हो म्हणालो.

सोबत एक पुस्तिका होती. धोक्यात आलेल्या जिवांचे वर्ग कसे पाडायचे, त्याबद्दल. पहिल्याच पानावर वर्गांची नावं ठळक अक्षरात दिलेली. एकही उरला नाही तो नामशेष. अगदी काठावर आलेला तो अतिसंकटग्रस्त, त्याखाली संकटग्रस्त, मग असुरक्षित आणि शेवटी कमी चिंतेचा. पुढची वीसेक पानं कोणाला कोणत्या वर्गात का घालायचं यावर होती. अक्षर बारीक होतं आणि माझा चष्मा बदलायचा राहिला होता.

खरं सांगू का? चष्म्याचं नुसतं निमित्त. मला वाटलं, यात वाचायचं काय एवढं? आयुष्यभर मी दुसरं केलं काय? पोरांना वर्गातच तर घातलं. पस्तीसच्या खाली नापास, साठच्या वर पहिला वर्ग. तेच माप इथं लावलं. गावात मोजून शून्य भरले तर नामशेष. पाचच्या आत अतिसंकटग्रस्त. पस्तीसच्या आत संकटग्रस्त. साठच्या आत असुरक्षित. साठ किंवा वर असले, की पहिल्या वर्गात पास, काही चिंता नाही.

किती सोपं केलं, नाही का? मला तर वाटलं, ज्यांनी वीस पानं लिहिली त्यांना कोणी मुख्याध्यापक भेटला नसावा.

बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसून मी गणती सुरू केली. कावळे? भरपूर. पास. रोही, म्हणजे नीलगाय?

"रोही कमी चिंतेचा?" नाना टपरीवाला कपबशी तशीच धरून उभा राहिला. "गुर्जी, माही अर्धी तूर खाल्ली त्यानं. मले रातभर झोप नाई अन् तुमी म्हनता चिंता कमी?"

"नाना, चिंता तुझी नाही, रोह्याची," मी म्हणालो.

"मंग माही कोन्या वहीत लिहिता?"

त्याला मी अनुल्लेखानं मारलं. पुढे उंट. गावात शून्य. मी लिहिलं, नामशेष. त्यावर एक जण म्हणाला की राजस्थानात त्यानं डोळ्यांनी उंट पाहिलेत. मी म्हणालो, "राजस्थानची वही राजस्थानवाले लिहितील." त्याच हिशेबानं हत्ती गेला, सिंह गेला, सुसर गेली. दोन कप चहात मी अर्धं प्राणिसंग्रहालय संपवलं. टपरीवरचे लोक म्हणाले, दुपारची एसटीही लिहा नामशेषमधे, दोन वर्षं झाली कोणी पाहिली नाही.

मग आलं गाढव. गावात गाढव एकच, विटा वाहणाऱ्या दशरथाचं. एक म्हणजे पाचच्या आत. मी स्वतः दशरथाच्या घरी गेलो आणि गंभीर आवाजात सांगितलं, "दशरथ, तुझं गाढव अतिसंकटग्रस्त आहे."

दशरथाचं तोंड उतरलं. "काय झालं त्याले? सकाऊन तं चांगलं खाऊन राह्यलं होतं."

मी त्याला समजावलं की आजारी नाही, पण अख्ख्या गावात त्याच्यासारखं दुसरं नाही, तेव्हा त्याला जपायला हवं. ओझं नको, काठी नको, मनाला लागेल असं बोलणं नको. रमेशनं ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर तसं जाहीरही केलं.

झालं. आठ दिवसांत त्या गाढवाला गावाची सगळी व्यवस्था कळली. ज्याच्या वावरात मन झालं त्याच्या वावरात शिरायचं, हाकलायची कोणाची टाप नाही. नानाच्या परसातली मेथी त्यानं दोन दिवसांत साफ केली. दशरथ स्वतःच्या डोक्यावर विटा वाहू लागला आणि प्रत्येक फेरीला माझ्या घरासमोर थांबून घाम पुसायचा. माझ्याकडं नुसता पाहायचा.

रमेशच्या अंगणात गावातलं एकमेव नारळाचं झाड आहे. तेही अतिसंकटग्रस्त. रमेशच्या आईनं पूजेसाठी नारळ काढायला शिडी लावली, तर मी ती उतरवली. रमेशची आई मला तेव्हापासून रामराम करत नाही.

आता मुख्य गोष्ट ऐका. हसू आवरा, इथून पुढं माझं मलाच हसू येत नाही.

गावाच्या उत्तरेला आमचं गायरान आहे. नुसता माळ, झाड म्हणून नाही, पावसाळ्यात कमरेएवढं गवत. तिथं वच्छलामाय बकऱ्या चारते. सत्तरीची बाई, नवरा कधीच गेला, वावर नाही, पंधरा-वीस बकऱ्यांवर तिचं घर चालतं. मी तिला विचारायला गेलो, म्हणजे माळावर नाही हो, तिच्या ओसरीवर.

"वच्छलामाय, माळावर कोणती पाखरं दिसतात?"

तिनं भराभर नावं सांगितली. टिटवी, तितर, चंडोल. मग म्हणाली, "अन् तो तनमोर."

"तो कसा असतो?"

"कोंबडीएवढा. कायाभोर. डोक्यामागं वाकलेले तुरे. गवतातून टनकन वर उडी मारते अन् पुन्हा गवतात जाते. मंग पुन्हा उडी. सारी सकाय तेच करते."

"रोज दिसतो?"

"हाव. पानी पडला की पोळ्यालोक रोज एक दिसते."

मी लगेच हिशेब मांडला. पाऊस पडल्यापासून पोळ्यापर्यंत दोन महिने. रोज एक. म्हणजे साठ. काठावर का होईना, पहिला वर्ग. वहीत लिहिलं, "तणमोर, साठ, काही चिंता नाही." आणि ज्या माळावर तो राहतो त्या माळापुढं लिहिलं, "पडीक जागा. काही नाही."

रात्रीचं जेवण वाढताना आमच्या मंडळींनी, म्हणजे कमलनं, एकच प्रश्न विचारला होता. "तुमी सोता गेल्ते का माळावर?"

मी म्हणालो, "मोजणीला जावंच लागतं असं नाही. हिशेब घरी बसूनही होतो."

वहीची प्रत बुलढाण्याला गेली. आठवडाभरानं मला फोन आला. तिथल्या एका मॅडमचा, पाखरांच्या जाणकार.

"सर, तुम्ही तणमोरासमोर साठ लिहिलंय. सहा म्हणायचं होतं का तुम्हाला?"

"मॅडम, मी आकड्यात चूक करत नाही."

"एका माळावर साठ?"

"कमीत कमी साठ," मी म्हणालो. "नागपंचमीला ती बाई लेकीकडे गेली होती, ते चार दिवस मी धरलेच आहेत असं समजू नका."

मग त्या म्हणाल्या, "सर, तुम्हाला कल्पना आहे का, तुम्ही काय सांगताय ते?" त्यांचा आवाज कापत होता. तो मला कौतुकाचा वाटला. साठ हे मी मोजलेले दिवस आहेत याचा त्यांना पत्ताच नव्हता, हे आज कळतं. त्या म्हणाल्या, "आम्ही येतोय. दोन माणसं घेऊन येतोय."

आता पाहुणे येणार म्हटल्यावर नुसता हारतुरा देऊन कसं चालेल? पर्यावरणाची माणसं, त्यांच्या हातून झाडं लावून घ्यायला हवीत. आणि झाडं लावायला जागा कुठली? पडीक. मीच लिहिलं होतं ना. मी रमेशला म्हणालो, माळावर तीनशे खड्डे मार. त्यानं दुसऱ्याच दिवशी जेसीबी आणला.

दुपारी रमेशचा निरोप आला की जेसीबी अडलाय. मी पहिल्यांदाच माळावर गेलो. जवळपास सगळ्या माळाची चाळण झाली होती. नाल्याकडेचा एक पट्टा तेवढा शिल्लक, आणि त्या पट्ट्याच्या तोंडाशी, जेसीबीच्या लोखंडी पंजासमोर, वच्छलामाय मांडी घालून बसलेली. मागं बकऱ्या. जेसीबीवाला हात जोडून तिला उठायची विनंती करत होता.

"वच्छलामाय, गावाचं काम आहे. ऊठ," मी म्हणालो.

"उठत नाई. सारं गायरान उकरून टाकलं. माह्या बकऱ्या कुठी चारू? झाडं लावसान अन् कुंपन घालसान, मंग मले कोन आत येऊ देते?"

"बकऱ्यांची सोय करू."

"अन् तनमोराची? हा पट्टा त्याचा हाय. पोळ्यालोक मी इथी बकऱ्यासुद्दा सोडत नाई."

मला राग आला. चारचौघांत, तेही माझ्या विद्यार्थ्यासमोर. मी म्हणालो, "अगं, साठ आहेत ते. चार इकडं तिकडं गेले तर काय बिघडतं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उन्हातसुद्धा जरा गारठलो. "साठ? कोन म्हनलं साठ? एक हाय तो, गुर्जी."

आता तुम्हीच सांगा, त्या क्षणी शहाण्या माणसानं काय करावं? थांबावं, विचारावं. मी काय केलं? मी म्हणालो, "वच्छलामाय, हिशेब तुला नाही कळायचा."

ती उठली नाही. अंधार पडायच्या आत जेसीबीवाला कंटाळून गेला आणि तो पट्टा तसाच राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी जीप आली. मॅडम उतरल्या, तिशीतल्या, पायात बूट, गळ्यात दुर्बीण. मागून दोघं कॅमेरेवाले. सगळ्यात पुढं दशरथ उभा, त्याच्या गाढवाला झेंडूची माळ आणि गळ्यात मी लिहिलेला पुठ्ठा, "अतिसंकटग्रस्त. कृपया लांबून पाहावे." मॅडमनी तो वाचला, गाढवाकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. त्यांना वाटलं गावानं काहीतरी गंमत केली आहे, म्हणून त्या हसल्या. मीही हसलो. आमचं दोघांचं एकत्र हसणं तेवढंच.

कारण पुढच्या वळणावर माळ दिसला. मॅडम थांबल्या. एका खड्ड्याकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं, मग दूरवर. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत उतरला.

"हे काय आहे?"

"वृक्षारोपण," मी छाती काढून म्हणालो. "तीनशे रोपं. आपल्या शुभहस्ते."

मॅडम खड्ड्याच्या काठावर खाली बसल्या. सावकाश बसल्या, घरात वाईट बातमी आल्यावर बाया बसतात तशा. मला वाटलं ऊन लागलं, मी पाणी आणायला सांगितलं.

"सर," त्या हळू म्हणाल्या, "तणमोर झाडावर बसत नाही. तो गवतातच राहतो, गवतातच अंडी असतात. नर गवताच्या वर उडी मारतो, ती मादीला दिसावी म्हणून. माळावर झाडं आली की त्याचं घर संपलं. आणि तुम्ही ऐन विणीच्या दिवसांत..." त्यांनी हातानंच खड्डे दाखवले.

"पण साठ आहेत की," मी म्हणालो. आवाज माझा, पण त्यात जीव नव्हता.

"कुठून आले साठ?"

मागून वच्छलामायचा आवाज आला. "एकच हाय माय. रोज तोच येते. मी गुर्जीले म्हनलं, रोज एक दिसते. त्यायनं त्याचे साठ केले."

रमेश, गणितात कच्चा रमेश, बोटं मोजत होता. मोजून झाल्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि चटकन दुसरीकडं पाहिलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, माझी सरकली. आणि ती सरकवायला जेसीबी मीच बोलावला होता.

मी घाईनं माझी गुणपद्धत समजावून सांगितली. शून्य, पाच, पस्तीस, साठ. वाटलं, निदान पद्धत तरी पसंत पडेल.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "सर, एका गावात किती, यावरून वर्ग ठरत नाही. तो जीव जिथं जिथं रानात राहतो तिथले सगळे मिळून किती उरले, किती झपाट्यानं कमी होतायत, राहायला जागा किती उरली, तिचे तुकडे किती झाले, हे पाहतात. एखादं पाखरू आज ढिगानं दिसत असेल, पण दहा वर्षांत निम्मं होत असेल, तर ढिगानं असूनही ते धोक्यात. आणि गाढव पाळीव आहे. पाळीव जनावरं या यादीत येतच नाहीत."

दशरथानं त्याच क्षणी गाढवाच्या गळ्यातला पुठ्ठा काढला. इतक्या झटक्यात काढला की माळही तुटली.

"मग तणमोर?" मी विचारलं. उत्तर मला कळलं होतं, तरी विचारलं.

"अतिसंकटग्रस्त. अगदी काठावर. आम्ही वर्षवर्ष फिरतो आणि एक दिसला तरी वर्ष सार्थकी लागलं म्हणतो. साठ वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, सर. आनंदानं."

काय वाटलं असेल मला, सांगा. बत्तीस वर्षं मी पोरांना ओरडत आलो, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि मी स्वतः वीस पानं न वाचता एका पाखराचं घर उकरून बसलो होतो. खोटं नाही सांगत, डोळे भरले.

"तो असेल का अजून?" मॅडमनी वच्छलामायला विचारलं. मला कोणी काही विचारेनासं झालं होतं.

"माहीत नाई माय. मशीन आली तवापासून दिसला नाई."

आम्ही सगळे त्या उरलेल्या पट्ट्याच्या बाजूला गप्प बसलो. वच्छलामायनं बकऱ्या लांब बांधल्या. अर्धा तास गेला. गवत हलत होतं ते नुसत्या वाऱ्यानं. मी आयुष्यात कुठल्या निकालाची एवढी धास्ती घेतली नव्हती. मनात म्हणत होतो, बाबा रे, एकदा दिस. नापास मला कर, तू दिस.

आणि गवतातून बेडकासारखा टर्र आवाज आला. काळंभोर काहीतरी सरळ वर उसळलं, पंख फडफडले, तुरे चमकले, आणि ते गवतात गेलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुन्हा. मॅडमनी तोंडावर हात धरला. कॅमेरेवाला फोटो काढायचं विसरला. वच्छलामाय तेवढी शांत होती. तिच्या रोजच्या ओळखीचा होता तो.

खड्डे बुजवायला जेसीबी आणायचा नाही, असं मॅडमनी सांगितलं. पोळा होईपर्यंत पट्ट्याजवळचे खड्डे तसेच ठेवून लांबचे तेवढे हातानं बुजवायचे. मी फावडं घेतलं. पाच दिवस बुजवत होतो, कंबरेचा काटा ढिला झाला. रोपं शाळेच्या आवारात गेली. गायरानाला कुंपण घालायचं नाही आणि वच्छलामायच्या बकऱ्यांना पूर्वीसारखंच चरू द्यायचं, असा ठराव रमेशनं ग्रामसभेत घेतला. ठराव लिहायला मात्र त्यानं दुसरा माणूस बसवला.

पोळ्यानंतर मॅडम पुन्हा आल्या, नोंद दुरुस्त करायला. या वेळी त्यांनी तणमोरासाठी वेगळा तक्ता आणला होता. वच्छलामायच्या ओसरीवर बसलो. माहिती ती सांगणार, लिहिणार मी. संख्या, एक. जागा, नाल्याकडचा पट्टा. पुढं रकाना होता, "धोका कशामुळे?" मी लिहिलं, मानवी हस्तक्षेप.

"काय लिहिलं? वाचून दाखवा," वच्छलामाय म्हणाली.

मी वाचलं.

"म्हंजे कोन?"

मी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. कमल सोबत आली होती, ती ओसरीच्या कोपऱ्यातून म्हणाली, "नाव माहीत हाय तं नाव ल्हा ना."

मी ते दोन शब्द खोडले आणि माझं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. कंसात, निवृत्त मुख्याध्यापक.

खाली अजून एक ओळ होती, "धोका टळला आहे का?" मी मोठ्या आशेनं वच्छलामायकडं पाहिलं. पाच दिवस फावडं चालवलं होतं शेवटी.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. "आत्ताच कसं सांगू माय? अजून दोन पावसाये जाऊ द्या. मास्तर मानूस हाय, पुन्हा डोक्यात काय येईन त्याचा नेम नाई."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "ज्याच्याबद्दल अजून ठरवता येत नाही, त्याच्यासाठीही एक वर्ग असतो, सर. लिहा."

आणि मी, मान खाली घालून, स्वतःच्या नावापुढं स्वतःच लिहिलं, "माहिती अपुरी."